पास्कूबाबची गाडी आणि वरचो मस्को

पास्कूबाब गाडीत बसण्याआधी चपला काढतात. फणसाखाली टाचेला टाच लावून ठेवतात आणि मगच दार उघडतात. गाडी कुडाळला जाते, चपला अंगणात राहतात. बाजारात, बँकेत, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा ते अनवाणीच उतरले. बँकेतल्या बाईंनी आदराने विचारलं, कसला नवस बोललात का. तर पास्कूबाब म्हणाले, "नवस नाय गो. नवी मॅट घातलंय."

आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये कुंपणाचा एक दगडी गडगा आहे, तो एके ठिकाणी ढासळलाय. त्या वाटेने मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाते, रोजूमायच्या गुडघ्यांना उंडीचं तेल चोळायला. रोजूमाय म्हणजे पास्कूबाबची बायको. मला फारसं बोलता येत नाही आणि तिला बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून आमचं बरं जमतं.

पास्कूबाबनी उभा जन्म गोव्यात खाजगी बस चालवली. दुसऱ्याची बस वळणापलीकडे असली तरी आवाजावरून ते गिअर सांगायचे. असा माणूस म्हातारपणी विजेवर चालणारी, बिनआवाजाची गाडी घेऊन आला. गाडी साधीच होती, पांढरी, चार माणसांची. घेण्याचं कारण मात्र एकच. रोजूमायची थोरली बहीण दोडामार्गला राहते, काजूच्या बागेत. ती अंथरुणाला खिळलेली, तिला इकडे येता येत नाही. आणि रोजूमाय कुठल्याच गाडीत चढत नव्हती. दोन वर्षांपूर्वी फेस्ताच्या दिवशी चर्चसमोर जीपमधून उतरताना ती सगळ्या गावासमोर पडली होती. पास्कूबाब तिला उतरवून घ्यायचे सोडून जीप कुठे लावायची ते बघत होते. त्या दिवसापासून ती घराची पायरी उतरली नव्हती. निदान आम्ही कोणी पाहिली नव्हती. दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या, आणि फोन ठेवल्यावर रोजूमाय बराच वेळ हातातल्या फोनकडेच बघत बसायची.

नवी गाडी अंगणात आली तेव्हा तिने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, उंच आहे. झालं. आठ दिवसांत डाव्या बाजूला पायरी बसली, दार उघडलं की आपोआप खाली येणारी. मग ती म्हणाली, आत वळून बसायला जमणार नाही. पास्कूबाब गोव्याला गेले आणि बाहेरच्या बाजूला वळणारी सीट घेऊन आले. मग धरायला काही नाही म्हणाली, तर पितळी मूठ आली. आत काळोख वाटतो म्हणाली, तर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो आला आणि त्याच्यावर निळा बल्ब.

इथपर्यंत ठीक होतं. पण पास्कूबाबना चटक लागली. रोजूमायने काही म्हटलेलं नसतानाही वस्तू येऊ लागल्या. रुंद टायर आले, टपावर कॅरिअर आला, सीटखाली रंग बदलणारे दिवे आले. गाडीला आवाज नाही म्हणून कोंबड्या बाजूला होत नाहीत, अशी तक्रार करून त्यांनी जुन्या बसचा रबरी भोंगाही बसवला. कोंबड्या तरीही हलल्या नाहीत. माझ्या सासूबाई मात्र दोनदा दचकून उठल्या. कोणी विचारलं, एवढं कशाला, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "कंपनी नुसतो कोरो पाव देता. वरचो मस्को आपणच लावूचो लागता."

वाडीत यावरून दोन तट पडले होते, काहीजण कौतुक करायचे. अशा गाडीला वरून काही लावणं म्हणजे वेड, असं बरेचजण म्हणायचे. त्यांचा पुढारी नंदू. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि लग्नात आलेल्या गाड्यासुद्धा वाकून वाकून तपासतो. एक दिवस पास्कूबाबनीच त्याला बोलावलं. गाडी रात्रभर चार्ज करावी, दिवसभर कुठे नेऊ नये, तरी दुसऱ्या दिवशी बॅटरी कमीच. नंदूने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि व्हरांड्यात बसून निकाल दिला. मी आत तेल कोमट करत होते, मला सगळं ऐकू येत होतं. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतात. कॅरिअर वारा अडवतो. जितकं वजन तितकी बॅटरी खर्च. मॅट ठीक, पायरी ठीक, बाकी सगळं उतरवायचं.

"काका, ह्या सगळा लेवन तुमी दोडामार्गाक जातलास," नंदू म्हणाला, "पण परत येवचा जाला तर बैल जोडूक व्हये."

दोडामार्ग म्हटल्यावर पास्कूबाब उठून गाडीकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने कॅरिअर काढला. जुने टायर परत आले. रंगीत दिवे नंदूने गणपतीसाठी मागून नेले. भोंगा काढताना तेवढा त्यांनी एकदा शेवटचा वाजवला. गाडी पुन्हा कोऱ्या पावासारखी झाली. राहिली मॅट, पायरी, सीट, मूठ आणि सायबीण.

तरीही बॅटरी उतरतच होती. नंदू चिडला. ज्या दिवशी गाडी फाटकाबाहेर जात नाही त्या दिवशीही वीज जाते कुठे, असं तो पास्कूबाबना विचारायचा, आणि ते आभाळाकडे बघून म्हणायचे, "हवेचो गुण आसतलो."

एकदा माझी तेलाची वाटी त्यांच्याकडेच राहिली. सासूबाईंनाही तेच तेल लागतं, म्हणून दिवेलागणीला मी गडगा ओलांडून गेले. घरात कोणी नव्हतं. अंगणात गाडी होती, नेहमीच्या जागी, फणसाकडे तोंड करून. बाहेर पास्कूबाबच्या चपला, टाचेला टाच लावून. आणि पलीकडे, पायरीच्या बाजूला, डॉक्टरांनी दिलेल्या रोजूमायच्या मऊ चपला. चालायचा प्रसंगच आला नव्हता म्हणून त्यांचे तळ अजून नवे होते.

मी जागच्या जागी उभी राहिले. काचेआड निळा बल्ब लागला होता. एसीची बारीक घरघर ऐकू येत होती. दोघं समोर बघत बसली होती, लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं बसतात तशी. पास्कूबाबचे दोन्ही हात चाकावर होते आणि ते हळूहळू वळवल्यासारखे हलत होते. तेवढ्यात तिच्या बाजूची काच खाली झाली.

"धामापूरचा तळा इला," पास्कूबाब म्हणाले. "थंड वारो घे जरा."

"वारो कसलो? सुक्या बांगड्याचो वास येता."

"तळ्यार कोणी तरी वाळत घातलेले आसतले."

बांगडे माझे होते, गडग्यावर वाळत घातलेले. तळं मागे पडलं. नेरूरपारचा पूल आला तेव्हा पास्कूबाबनी तिला खाली नदी बघ म्हणून सांगितलं आणि तिने मान वळवून आमच्या गोठ्याकडे बघितलं. कुडाळच्या बाजारात गर्दी होती म्हणून ते थांबले. सावंतवाडीच्या अलीकडे तिने विचारलं, गाडी चालू आहे ना, काही आवाजच येत नाही. चालू आहे, असं ते म्हणाले. मलाही क्षणभर तसंच वाटलं. फणस मागे चाललाय, आमचं घर मागे चाललंय, आणि मी कुठल्यातरी अनोळखी गावच्या रस्त्याकडेला उभी आहे. वाटी न घेताच मी परत आले.

दुसऱ्या दिवशी तेल लावताना माझी नजर वर होत नव्हती. रोजूमायनेच विषय काढला. आरशात तिने मला पाहिलं होतं.

"माका समाजणा नाय काय गो? डोळ्यासमोर फणस उभो आसा. पण तो रोज नेता, मी रोज जातंय." तिने पाय लांब केला. "बांद्यापर्यंत नेता. बांद्याच्या फुडे गेलो नाय कधी. म्हणता, आज उशीर जालो, उद्या जावया."

मी विचारलं, का.

"फुडे दोडामार्ग. थंय उतरूचा लागतला." तिने दुसरा पाय पुढे केला. "पडलंय मी, आणि भियालो तो."

एवढे दिवस मला वाटत होतं की ती घाबरते आणि ते तिची समजूत घालतात. गाडीला वरून काही लावावं की नाही हे मला कळत नाही. टायर, कॅरिअर, भोंगा यांच्याबद्दल नंदूचं खरंच होतं. पण पायरी, सीट आणि मूठ रोज संध्याकाळी न चालणाऱ्या गाडीत उपयोगी पडत होती, आणि रोजूमाय त्या पायरीवरून चढायला-उतरायला शिकली होती. हे नंदूला कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही.

ती म्हणाली, "रविवारी सकाळी फाटक उघडा ठेव. त्येका सांगा नको."

रविवारी मी उजाडताच त्यांचं फाटक उघडलं आणि सरकू नये म्हणून त्याला दगड लावला. आमच्या घरात जाऊन तेलाची वाटी कोमट करायला ठेवली, उगाचच, कारण त्या दिवशी तेल लावायचं नव्हतं. खिडकीतून दिसत होतं. रोजूमाय निळी साडी नेसून एकटीच पायरी चढली, मूठ धरून वळली आणि सीटवर बसली. पास्कूबाब चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले आणि तसेच उभे राहिले. सकाळच्या वेळी कुठे, असं त्यांनी विचारलं असावं, कारण तिचं उत्तर मला स्वच्छ ऐकू आलं.

"पास्कू, आज तो फणस बाजूक कर."

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. मग कप कठड्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. चुलीवर तेल तापून वास यायला लागला म्हणून मी वळले, वाटी उतरवली, हात पुसले. गाडीचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता.

पुन्हा खिडकीशी आले तर अंगणभर फणसाची पिवळी पानं पडलेली दिसली, आणि मधोमध गाडीएवढी जागा कोरी. तिच्या एका बाजूला त्यांच्या चपला होत्या, दुसऱ्या बाजूला तिच्या. मी जाऊन चारही उचलल्या, कोंबड्या घाण करतील म्हणून, आणि आमच्या ओटीवर टाचेला टाच लावून ठेवल्या.