कासव, बाकीच्यांना चालत असेल तर

पर्यटकांचं जहाज उबदार समुद्रातल्या रोआतान बेटाला बुधवारी सकाळी आठला लागणार होतं आणि दुपारी तीनला सुटणार होतं. मधल्या सात तासांत टॉर्गर्सन कुटुंबानं तोंडाला नळी आणि डोळ्यांना चष्मा लावून समुद्रातले मासे पाहायचे, हे मिनेसोटातून निघतानाच पक्कं झालं होतं. कुठल्या सहलीतून पाहायचे, एवढा किरकोळ मुद्दा तेवढा उरला होता. जहाजाच्या माहितीपुस्तिकेत तशा चार सहली होत्या, आणि निवड कळवायची मुदत मंगळवारी दुपारी बारापर्यंत होती.

टॉर्गर्सन मंडळी उत्तरेकडची. तिकडे तळी पाच-पाच महिने गोठतात, आणि माणसांच्या इच्छांचंही थोडंफार तसंच. वर बर्फ, खाली काय चाललंय ते कुणाला दिसू नये. आपल्याला काय हवंय ते चारचौघांत सांगणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर मोजे काढण्यासारखं. चर्चच्या जेवणात केकचा शेवटचा तुकडा उरला की कुणीतरी त्यातला अर्धा घेतं, मग कुणीतरी उरलेल्यातला अर्धा. ताट धुवायला जातं तेव्हा त्यात एक कण असतो, आणि धुणारी बाई तोही हवा का, असं शेजारणीला विचारते.

अशा घरात आर्डिसबाईंना काहीतरी हवं होतं. वय त्र्याहत्तर. चाळीस हिवाळे त्या नवऱ्याशेजारी, व्हर्नशेजारी, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला उलट्या बादलीवर बसल्या होत्या. बर्फात वीतभर भोक, भोकात दोरी, दोरीच्या टोकाला देवाची मर्जी. पाण्यातला जीव त्यांनी जन्मभर वरून पाहिला. त्याची पाठ पाहिली, तीही ताटाच्या वाटेवर असताना. व्हर्न गेला, बादली राहिली. तेव्हापासून बाईंच्या मनात एकच होतं, की एकदा खाली जावं, त्यांच्या घरी, पाहुणी म्हणून. आणि मान वर करून पाहावं. पाहायचं ते कासव. कासवच का, ते त्यांना सांगता आलं नसतं. सांगायची वेळही कधी आली नव्हती. सगळा हिवाळा त्या आठवड्यातून दोनदा शाळेच्या छताखालच्या पोहण्याच्या तलावात उतरल्या. अकरा वर्षांच्या नातीनं, ब्रिटानं, त्यांना श्वास सोडून तळाशी बसायला शिकवलं. हे त्या दोघी आणि तलाव एवढ्यांनाच ठाऊक.

पुस्तिकेतली तिसरी सहल कासवांची होती.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला मुलगा कर्टनं चारही सहली वाचून दाखवल्या. सून शेरी म्हणाली, सगळ्याच छान आहेत. मुलगी मार्ला, ब्रिटाची आई, म्हणाली, तिचं काही नाही, ब्रिटाला विचारा. ब्रिटा म्हणाली, आजीला विचारा. आर्डिसबाईंनी तिसऱ्या सहलीवर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाल्या की कागद किती गुळगुळीत आहे.

कर्ट बावीस वर्षं गावच्या बांधकाम परवाना खात्यात होता. निर्णय न घेता निर्णयाची नोंद कशी करावी, ही त्याची विद्या. त्यानं मंगळवारी सकाळी पाच कागद केले, प्रत्येकाला एक दिला, गुप्तपणे पसंती लिहायला सांगितलं, कागद गोळा केले आणि थेट सहल-कक्षात नेऊन दिले. तिथली प्रमुख मिरेला नऊ वर्षं समुद्रावर होती. गणवेशाबरोबर तिचं हसूही इस्त्री होऊन येत असे.

"पाचही जणांनी 'बाकीच्यांना आवडेल ते' असं लिहिलंय," ती म्हणाली.

"हो. एकमत झालंय."

"पण कशावर?"

"त्यावरच," कर्ट म्हणाला.

मिरेलानं ते संगणकात भरलं. संगणकानं हरकत घेतली नाही, फक्त बाकीचे म्हणजे कोण त्यांची नावं मागितली. कर्टनं प्रत्येकापुढे उरलेल्या चौघांची दिली. संगणक आर्डिसबाईंकडून कर्टकडे, कर्टकडून शेरीकडे, शेरीकडून मार्लाकडे, मार्लाकडून ब्रिटाकडे गेला आणि ब्रिटाकडून पुन्हा आर्डिसबाईंपाशी आला. तीन फेऱ्यांनंतर पडद्यावर अक्षरं उमटली: कुटुंब विचाराधीन आहे.

वेगवेगळ्या सहली घेता येणार नाहीत का, असं कर्टनं विचारून पाहिलं. स्वतःसाठी नव्हे, सहज. मिरेलानं नियम दाखवला. मागच्या मोसमात एका घरातली माणसं दोन सहलींना गेली, संध्याकाळी एकमेकांना फोटो दाखवत बसली, आणि आपल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त मजा आल्याच्या चार तक्रारी एकाच घरातून आल्या. तेव्हापासून अविभक्त कुटुंब, अविभक्त सहल.

दुपारी बारापर्यंत कळलं की प्रकरण एका घराचं नाही. त्या आठवड्यात जहाजावर उत्तरेकडची तीनशे अकरा कुटुंबं होती, आणि तीनशे अकराही विचाराधीन होती. वरून हुकूम आला. मुदत वाढवली, सर्व विचाराधीन कुटुंबांनी बुधवारी सकाळी साडेआठला जहाजाच्या नाट्यगृहात हजर राहावं आणि तिथे एकेका कुटुंबप्रमुखानं ध्वनिक्षेपकावर येऊन निवड सांगावी.

बुधवारी जहाज धक्क्याला लागलं. बाहेर ऊन, हिरवी टेकडी, काचेसारखं पाणी. आत नाट्यगृह, ज्याला खिडकी नव्हती. ध्वनिक्षेपकापुढे तीनशे अकरा कुटुंबप्रमुखांची रांग लागली, आणि पहिल्यानं दुसऱ्याला सांगितलं, तुम्ही व्हा पुढे. दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं. सव्वादहापर्यंत रांग पूर्ण उलटी झाली होती. शेवटी उभा असलेला कर्ट पहिला आला आणि त्यानं घाईघाईनं मागच्या गृहस्थांना वाट दिली. कुणी चिडलं नाही. कॉफी आली, तीही लोकांनी शेजाऱ्याला दिली.

अकराला कंपनीनं तोडगा काढला. निवड न झालेल्या कुटुंबांना आहे त्या खुर्चीतच सहल देण्यात येईल. प्रत्येकाला चष्मा आणि नळी वाटली. दिवे निळे केले. पडद्यावर समुद्राचा चित्रपट सुरू झाला. अनुभवात उणीव राहू नये म्हणून दर दहा मिनिटांनी दोन खलाशी पिचकारीनं खारं पाणी उडवून जात. लोकांना बरं वाटलं. पाणी गार नव्हतं, वाळू टोचत नव्हती, आणि शेजारच्यानं जे पाहिलं तेच आपण पाहिलं होतं. कर्ट नळीतून म्हणाला की काय व्यवस्था आहे. शेरी नळीतून म्हणाली की हो ना.

मग पडद्यावर कासव आलं. मोठं, जुनं, संथ. नाट्यगृहानं नळ्यांतून एक दीर्घ सुस्कारा सोडला. आर्डिसबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कासवाची पाठ दिसत होती. कासव वळलं, पुन्हा पाठ. चित्रपट होडीतून काढला होता.

आर्डिसबाईंनी चष्मा काढला आणि उभ्या राहिल्या.

"हे वरून आहे," त्या म्हणाल्या. "मला खालून बघायचंय. आत्ता."

सहाव्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं प्रार्थनेला काढावी तशी टोपी काढली. पिचकारीवाले खलाशी थांबले. मार्लानं ब्रिटाचे कान झाकायला हात पुढे केले आणि अर्ध्यावर थांबवले.

"आई," कर्ट हलक्या आवाजात म्हणाला, "परवा मी विचारलं होतं ना तुला?"

"विचारलं होतंस. मी खोटं बोलले."

"मग मलाही सांगू दे," मार्ला म्हणाली, "मला मासेच नकोत. मला नुसतं वाळूत पडायचं होतं."

मिरेला आली. एका सदस्यानं सामूहिक सहलीच्या मध्येच स्वतःची इच्छा प्रकट केल्यास काय करायचं, हे नियमावलीत शेवटच्या पानावर होतं. ते पान आजवर कुणी उघडलं नव्हतं. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाचं ना हरकत पत्र लागत होतं. तिनं खेद व्यक्त केला. इतर घरांत म्हणे याला आठवडा लागला असता.

टॉर्गर्सनांना चाळीस सेकंद लागले. हरकत नाही हे लिहायला त्या घरात जन्मापासून हात बसलेला होता. कर्टनं तर दोनदा सही केली.

आर्डिसबाई आणि ब्रिटा धक्क्यावर उतरल्या तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. धक्क्याच्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली, बेटावरची मिस ऑर्लीन बॉडन प्लास्टिकच्या क्रेटवर बसून आंबा खात होती. दुसऱ्या क्रेटमध्ये भाड्यानं द्यायचे चष्मे आणि नळ्या.

"कुठली सहल पाहिजे?" तिनं विचारलं.

"कासव."

"त्याचं काही ठरलेलं नसतं हो, आजी. येतं, नाही येत. त्याचं चरायचं गवत तिथंच आहे, त्या खडकापाशी. मी येते बरोबर, आंबा संपू दे."

पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला लागलं. मग कानांत शिरलं आणि जग थांबलं. खाली गवत एका बाजूला झुकत होतं, दुसऱ्या बाजूला झुकत होतं, जसं कुणी त्याला झोपवतंय. निळे मासे आले, विचारपूस न करता निघून गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ब्रिटाचे ओठ निळे पडले तरी ती काही बोलली नाही. त्याच घरातली पोर. आणि मग मिस ऑर्लीननं बाईंच्या दंडाला हात लावला. गवतातला एक दगड चरत होता.

आर्डिसबाईंनी श्वास सोडला. सगळा सोडला, आणि शाळेच्या तलावात शिकल्या तशा सरळ तळाशी गेल्या. त्याच घटकेला कासवालाही श्वास हवा झाला. ते उठलं, हात हलवत, घाई न करता, त्यांच्या डोक्यावरून वर गेलं. पोट पिवळं होतं, लोण्यासारखं. त्याच्या कडेकडेनं ऊन सांडत होतं. बाई मान वर करून पाहत राहिल्या, छाती दुखेपर्यंत पाहत राहिल्या, मग कासवाच्या मागोमाग वर आल्या. दोघांनी दोन हातांच्या अंतरावर श्वास घेतला. कासवाचा आवाज मोठा होता.

"बघितलंस?" ब्रिटानं विचारलं.

आर्डिसबाई हसत होत्या, आणि नळी तोंडात असल्यानं हसू कानांतून बाहेर येत होतं. तीनला दहा मिनिटं असताना दोघी ठिबकत जहाजावर चढल्या.

सहलींचे अभिप्राय त्याच संध्याकाळी भरून घेण्यात आले. खुर्चीतल्या सहलीला दहापैकी नऊ पूर्णांक आठ गुण मिळाले. कुणी बुडालं नव्हतं, कुणाला उलटी झाली नव्हती, कुणाचं काही हरवलं नव्हतं, आणि आपल्याला काय हवं होतं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. आर्डिसबाईंनी पानभर लिहिलं, पण त्यांची सहल पुस्तिकेत नसल्यामुळे त्यांचा कागद हिशेबात धरला गेला नाही. इतर प्रवासी गेले होते त्या कासवांच्या खऱ्या सहलीला सहा गुण पडले. लोकांनी लिहिलं की समुद्र ओला होता आणि कासव वेळेवर आलं नाही.

पुढच्या मोसमाच्या पुस्तिकेत खुर्चीतली सहल पहिल्या पानावर आहे, 'कुटुंबांची पहिली पसंती' म्हणून. बदामाच्या झाडाखालच्या बाईला गुण नाहीत, कारण तिला कुणी दिलेलेच नाहीत. तुम्ही या सगळ्यावर हसलात, ते ठीकच. पण मागच्या सुट्टीत समुद्रकाठचं हॉटेल ठरवताना तुम्ही आधी काय पाहिलं होतंत, समुद्र की त्याला मिळालेले गुण? उत्तराची घाई नाही. आधी घरात विचारून घ्या.