न वाकणारा आधार

माणूस पायांवर चालतो, हा समज सार्वजनिक जीवनात न उतरलेल्या लोकांमध्ये अजून टिकून आहे. तेलगावकडच्या विजयसिंह आबांचाही तो होता. पण स्वतःच्याच सत्काराच्या मंचावरून उतरताना त्यांनी शेवटच्या पायरीवर विश्वास ठेवला (ती मंडपवाल्याने लावलीच नव्हती) आणि गुडघा असा पिरगाळला, की बीडच्या डॉक्टरांनी वॉकर सांगितला.

निवडीचे निकषही सांगितले. हात सैल सोडले की मूठ मनगटाशी यावी, खालची रबरं झिजलेली नसावीत, सगळा भार टाकला तरी ढाचा डुगडुगू नये. आबांनी ते शांतपणे ऐकलं आणि गाडीत बसल्यावर निर्णय दिला: निकष मान्य, वॉकर अमान्य. निवडणूक तोंडावर होती. वॉकर दिसला की लोक म्हणणार, आबा थकले.

घरात तर आयता वॉकर होता. आई छबुबाईंना तो तालुक्याच्या शिबिरात मिळाला होता आणि त्या तो घेऊन गोठ्यापर्यंत अशा सुटायच्या, की कोंबड्या आधीच बाजूला व्हायच्या. त्यांनी तो पुढं केला. आबांनी तोंड फिरवलं.

मग, जो आधार आहे असा कुणाला संशयच येणार नाही, असा आधार घ्यायचं ठरलं: कार्यकर्ता. अंगणात चाचणी झाली. एकाच्या काखेत हात घातला की तो खिदळायचा, म्हणून बाद. दुसरा फोन वाजला की आबांना सोडून द्यायचा. तिसरा चांगला दणकट होता. पण फोटोवाला दिसला की दोन पावलं पुढं सरकायचा. शेवटी डावीकडं शहादेव आणि उजवीकडं धुळाजी, अशी नेमणूक झाली. शहादेव बुटका असल्याने आबा डावीकडं झुकत (विरोधकांनी याचे राजकीय अर्थ काढले), म्हणून त्याच्या चपलांना जाड तळ ठोकून उंची जुळवण्यात आली. धुळाजीला टायरच्या चपला दिल्या. रबराची अट पूर्ण झाली.

परिणाम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. आबा साध्या माणसांच्या खांद्यावर हात टाकून फिरतात, म्हणून लोक हेलावले. गुडघे शाबूत असलेले तरुण पुढारीही दोघांच्या खांद्यांवरून चालू लागले. एक चालायला दोन लागतात, त्यामुळं लवकरच गावाचा एक तृतीयांश भाग नेतृत्व आणि दोन तृतीयांश आधार झाला. (जाणकार हे प्रमाण समाधानकारक मानतात.)

अशात लिंबागणेशला मेळावा ठरला. तिकीट ज्यांच्या हाती होतं ते साहेब येणार होते. आबा पुढच्या रांगेत, दोन्ही हात दोन्ही खांद्यांवर टाकून, ताठ उभे राहिले. साहेब गाडीतून उतरले, चालत आले, समोर थांबले. त्याच क्षणी शहादेव आणि धुळाजी साहेबांच्या पाया पडायला वाकले. दोघं एकदम.

आबा सरळ पुढं गेले. तोंड सतरंजीवर आणि नाकापुढं साहेबांचे बूट. त्यांना आधी गुडघा आठवला, मग निवडणूक, आणि उठावं असं मनापासून वाटलं. पण उठवणारे अजून वाकलेलेच होते. आबा पडून राहिले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"इतकी निष्ठा मी आजवर पाहिली नाही," ते म्हणाले आणि उमेदवारी तिथंच जाहीर केली.

घरी पोचेपर्यंत गुडघ्याचा भोपळा झाला होता. आबांनी दोघांना ओट्यासमोर उभं केलं.

"कामून वाकले रे?"

शहादेव प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "आबा, आमी न्हाई वाकलो. कंबरच वाकली. आमाला तर मागून कळालं."

तिकीट त्या कमरांमुळंच मिळालं होतं, त्यामुळं आबांना रागावताही येईना. तेवढ्यात छबुबाई गोठ्यातून आल्या. त्यांनी वॉकर लेकापुढं ठेवला आणि स्वतः भिंत धरून ओट्यावर टेकल्या.

"हे घे बाबा. ह्याला कंबरच न्हाई."

आबांनी बटणं दाबून उंची वाढवली. मूठ बरोबर मनगटाशी आली. ओट्यापासून गोठ्यापर्यंत ते सावकाश गेले आणि परत आले. पडल्यापासून पहिल्यांदाच कुणावर नजर न ठेवता चालले. वाटेत एक कोंबडी आडवी आली, तर हसूही आलं.

आबा निवडून आले. घरात वॉकर आणि बाहेर शहादेव-धुळाजी अशी व्यवस्था आहे. आईसाठी नवा वॉकर आला, पण तो पहिल्यासारखा पळत नाही, असं त्या म्हणतात.

वाचकांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील, तर त्यांनी निकष पाहून खुशाल वॉकर घ्यावा. पण आपण बहुतेक सगळे धडधाकट आहोत, म्हणजे आपली भरती आधार विभागात होणार. खांद्यांची उंची मोजून ठेवा, चपलांचे तळ पाहून घ्या. कंबर तपासण्याची पद्धत नाही. तुमची वाकते, हे पुढाऱ्यांनी गेल्या निवडणुकीतच पाहिलं आहे.