काचेची काठी, सोड्याचं पाणी

"बरं, करा," एवढंच सुलक्षणा म्हणाली होती. पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी आपणहून केलं.

विद्याधरने तरी काय मागितलं होतं? घाटकोपरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, गॅलरीच्या कोपऱ्यात, मासे धरायची एक काठी बनवायची परवानगी. विचारताना त्याने मधूला (वय दहा महिने, दात दोन) मांडीवर घेतलं होतं, आणि ज्या माणसाच्या मांडीवर आपलं मूल खिदळतंय त्याला 'नाही' म्हणणं सुलक्षणाला अजून साधलं नव्हतं.

विद्याधर विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. तिथले मोठे साहेब दर रविवारी पवईच्या तलावावर मासे धरायला जात. गांडूळबिंडूळ लावून नव्हे. दोऱ्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी बांधायची, ती हवेतून झुलवत न्यायची आणि पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाने फसलंच पाहिजे. एका रविवारी विद्याधर नकाशे पोचवायला तलावावर गेला, साहेबांची फायबरग्लासची काठी पाच मिनिटं हातात धरली, आणि घरी आला तो निराळाच माणूस होऊन.

"घरी बनवता येते अगं," तो म्हणाला. "लागतं काय? काचेचं कापड नि राळ."

"काचेचं?"

"कारखान्यात विजेच्या मोटारींच्या तारांना गुंडाळतात ते. रेशमासारखं मऊ असतं."

सुलक्षणा बी.ए. होती (तत्त्वज्ञान, दुसरा वर्ग), आणि तिच्याकडे बालसंगोपनावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पुस्तकातला प्रत्येक धोका तिने मधूला एकदा तरी लावून पाहिला होता. तिने त्याच रात्री जेवणं झाल्यावर एक यादी केली. गॅलरीचं दार सदैव बंद. राळेचा डबा कपाटावर. मधूचा पाळणा आतल्या खोलीत. मधूचे कपडे वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने, वेगळ्या दोरीवर. अशी सतरा कलमं झाली. अठरावं सुचलं नाही, एवढीच काय ती चूक.

एवढं करण्याचं कारण होतं. बारशाच्या दिवशी सासूबाई गिरगावला परत निघताना दारात थांबून म्हणाल्या होत्या, "जमेल ना गं एकटीला? नाहीतर मी नेईन हो त्याला. वर्षभर राहील माझ्याकडे." बोलल्या प्रेमानेच. पण त्या दिवसापासून सुलक्षणा परीक्षेला बसल्यासारखी आई झाली होती.

तर काठी. कारखान्यातला टर्नर दत्ताराम एक लोखंडी सळई घेऊन आला. एका टोकाला करंगळीएवढी, दुसऱ्या टोकाला दाभणाएवढी. तिच्यावर राळेत भिजवलेलं कापड घट्ट गुंडाळायचं, राळ कडक झाली की आतली सळई ओढून काढायची, की राहिली पोकळ, लवचीक काठी. सांगायला सोपं. सळई काही निघेना. शेवटी बाहेरच्या पॅसेजमध्ये एका टोकाला विद्याधर, दुसऱ्या टोकाला दत्ताराम, अशी रस्सीखेच झाली, आणि सळई सुटली तेव्हा दत्ताराम समोरच्या कुंदाच्या दारातल्या रांगोळीवर जाऊन बसला.

"वयनी, कंबर गेली," तो बसल्या जागेवरून ओरडला, "पण सळी इली!"

"लक्ष्मीची पावलं काढली होती रे मी," कुंदा म्हणाली. "आता लक्ष्मी बसलेली दिसतेय."

मग आठवडाभर विद्याधर ऑफिसातून आला की गॅलरीत जाई आणि काठी पॉलिश पेपरने घासत बसे. अगदी शहाण्यासारखा. दार लावून, जुना सदरा घालून, नाकातोंडाला टॉवेल बांधून. झालं की गॅलरी झाडी, हात साबणाने धुई, आणि बायकोला कामाला लावायला नको म्हणून सदरा नि टॉवेल आपण होऊन धुण्याच्या बादलीत टाकी. (बादलीत कपडे टाकणारा नवरा! कुंदाने हे आपल्या नवऱ्याला तीनदा ऐकवलं होतं.)

नेमक्या त्याच आठवड्यात सुलक्षणा पुस्तकातल्या जंतूंच्या प्रकरणाशी येऊन पोचली. जंतू सगळीकडे असतात, असं पुस्तक म्हणत होतं, आणि ते खरे मरतात उकळत्या पाण्यातच. तिने ताबडतोब शेगडीवर मोठा हंडा चढवला, मूठभर सोडा टाकला, आणि चादरी, पलंगपोस, साड्या, उशांचे अभ्रे, टॉवेल, सदरे असं सगळं एकत्र घालून घड्याळ लावून वीस मिनिटं ढवळलं. फक्त मधूचे कपडे वगळले. ते नवव्या कलमाप्रमाणे वेगळे उकळले.

गुरुवारी तिची मान खाजायला लागली. शुक्रवारी पाठ.

"अहो, तुम्हाला खाजतंय का कुठे?"

"छे," विद्याधर दाराच्या चौकटीला पाठ घासत म्हणाला. "उकाडा आहे जरा."

"डिसेंबरात?"

डॉक्टरांनी दोघांना टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं. एकाच घरातली दोन माणसं, मान, हात, पाठ, सगळीकडे लाल पुरळ. त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"खरूज," ते म्हणाले. "गंधकाचं मलम लावा गळ्यापासून पायापर्यंत. अंथरूण-पांघरूण रोज उकळा. आणि मूल आहे ना घरात? त्याला जवळ घेऊ नका."

"किती दिवस?"

"खाज थांबेपर्यंत."

सुलक्षणा घरी आली ती तशीच कुंदाच्या दारापाशी थांबली. मधू कुंदाकडेच होता. तिला पाहून त्याने दोन्ही हात पसरले, आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले. ते पसरलेले हात बघताना तिला वाटलं, पुस्तकातल्या साडेचारशे पानांत ह्यावर एक ओळ नाही.

"ठेवतेस का गं त्याला?" ती म्हणाली.

"हे काय विचारणं झालं? पण तू रडू नकोस, तुला रडताना बघून तोही सुरू करील."

मग रोज उकळणं सुरू झालं. सकाळी चादरी, दुपारी साड्या, आणि जितकं उकळावं तितकं जास्त खाजे, आणि जितकं खाजे तितकं ती जास्त उकळी. घरात गंधकाचा असा दर्प, की दूधवाला भांडं ठेवून उभ्याउभ्या पळे. संध्याकाळी सुलक्षणा आपल्या उंबरठ्यावर बसे, मधू कुंदाच्या उंबरठ्याच्या आत. मधे पॅसेजची सहा फुटं. तिथून ती त्याला बडबडगाणी म्हणून दाखवी, मधूनमधून कोपर खाजवत.

तिसऱ्या दिवशी मधूने कुंदाचं स्टूल धरलं, डुगडुगला, आणि उभा राहिला.

"अगं बघ! बघ! उभा राहिला!"

सुलक्षणाने टाळ्या वाजवल्या. मग तोंड फिरवलं. हातांना मलम होतं म्हणून डोळेही पुसता येईनात. पाणी आपलं हनुवटीपर्यंत वाहत राहिलं. मागून विद्याधर आला आणि तिच्याशेजारी बसला. त्याच्याही अंगाला गंधकाचा वास येत होता.

"आईला कळवलंय मी," तो हळूच म्हणाला. "शनिवारी येतेय. खाज थांबेपर्यंत मधूला गिरगावला नेते म्हणाली."

"वर्षभर ठेवतील."

"असं कसं ठेवेल?"

"ठेवतील हो. आणि चुकीचंही नाही. मला जमलंच नाही ना." तिने नाक ओढलं. "सतरा कलमं केली होती मी."

शनिवारी सासूबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत मधूसाठी नवीन दुपटं. म्हणजे नेण्याची तयारी करूनच. आल्या आल्या पलंगावर, नुकत्याच उकळून वाळवलेल्या पलंगपोसावर बसल्या.

"मलम दाखव बघू," त्या म्हणाल्या. "आणि रात्री खाज वाढते का गं?"

"दिवसरात्र सारखीच, आई."

"बोटांच्या बेचक्यांत?"

"नाही. मानेला, पाठीला. जिथे कपडा घासतो तिथे."

"हं." सासूबाईंनी मांडी खाजवली. थोडं थांबून पोटरी खाजवली. मग उठून उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून सुनेकडे बघायला लागल्या. "सुलक्षणा, मी पाच मुलं वाढवली. पाचांची खरूज काढली. दहा मिनिटांत चढणारी खरूज मी अजून पाहिली नाही."

त्यांनी पलंगपोस उचलला, खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात नेला आणि एक झटका दिला. उन्हात चांदीचा भुगा उडाला. बारीक, लखलखता, बघत राहावा असा सुंदर.

"हे काय चमकतंय?"

मग विद्याधर, दोन्ही हात लेंग्याच्या खिशात घालून, भिंतीकडे बघत म्हणाला, "काच."

"कसली काच?"

"काठीची. घासताना... पण मी सदरा घालायचो, आई! जुना सदरा! आणि रोज बादलीत टाकायचो."

"आणि मी तो उकळायचे," सुलक्षणाचा आवाज खोल गेला. "सगळ्यांबरोबर. ढवळून."

सतरा कलमांना न सुचलेलं अठरावं कलम खिडकीत तरंगत होतं. घरभर काच वाटण्याचं काम रोज वीस-वीस मिनिटं, घड्याळ लावून, तिने स्वतः केलं होतं. घरात एकच माणूस खाजवत नव्हतं, आणि त्याचे कपडे वेगळ्या बादलीत होते.

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी नेला, मग आठवण होऊन तो झटकून बघितला, मग पुन्हा तोंडाशी नेला. "जा," त्या म्हणाल्या, "आधी ते घाणेरडं मलम धुऊन ये. घरातलं काही नेसू नकोस. माझं लुगडं आहे पिशवीत."

अर्ध्या तासाने सुलक्षणा सासूबाईंच्या नऊवारीत, ओल्या केसांनी, ओचा सावरत कुंदाच्या दारात उभी राहिली. मधूने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. मग तिने त्याला उचलून घेतलं. त्याने तिच्या गळ्यात नाक खुपसून हुंगलं, आणि आपले दोनच्या दोन दात तिच्या हनुवटीत रोवले.

"ओळखलं," कुंदा म्हणाली.

चादरी झटकून, खळखळून दहा पाण्यांतून काढल्या. सदरा नि टॉवेल फेकून दिले. दुपारी विद्याधर गॅलरीतून काठी घेऊन आला आणि दाराकडे निघाला.

"कुठे?" सुलक्षणाने विचारलं.

"दत्तारामला देऊन टाकतो. नको ती ब्याद."

"आणा इकडे."

ती हलकी होती, वेताच्या फोकासारखी लवलवत होती. मुठीच्या वर, जिथे कारागीर आपलं नाव घालतात तिथे, ड्राफ्ट्समनच्या कोरीव अक्षरांत, काळ्या शाईने बारीक काही लिहून वर व्हार्निश फिरवलं होतं. सुलक्षणाने काठी उजेडात धरली आणि वाचलं. स्वतःचंच नाव.

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "दोऱ्यासाठी ह्या कड्या बांधायच्या राहिल्यात ना? रेशीम आहे माझ्याकडे, टोपडं भरताना उरलेलं. लाल चालेल?"

विद्याधरला चालणार होतं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कुंदालाही पॅसेजपलीकडून कळलं.

संध्याकाळी सासूबाई निघाल्या. दुपटं ठेवून, मधूला ठेवून. "पोर उत्तम सांभाळलंयस," चपला घालताना त्या म्हणाल्या, आणि सुलक्षणा परीक्षेचा निकाल लागल्यासारखी ताठ झाली. "त्याची मला काळजी नाही. तुम्हा दोघांना गिरगावला न्यावं का, असं मनात येतंय."

तेवढ्यात त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या काठीकडे गेली. चष्मा लावून, वाकून त्यांनी ते नाव वाचलं.

"काठीला हिचं नाव घातलंस, विद्याधर?"

"हो," तो लाजून म्हणाला.

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या, आणि जिना उतरता उतरता त्यांनी मान खाजवली. "दोघींनी मिळूनच खाजवायला लावलंय सगळ्यांना."