सरांची हार्ड डिस्क अखेर बसली

"त्यात काय एवढं! जुनी डिस्क काढायची, मोठी घालायची. अकरावीच्या पोराचं काम!" असं रेणुकादास सर सकाळपासून इतक्या वेळा म्हणाले, की आज घरात काहीतरी मोडणार हे चंद्रप्रभाबाईंनी ओळखलं.

सर म्हणजे लातूरचे फिजिक्सवाले. खाली क्लास, मधे संसार आणि वर पोरांचं होस्टेल. गल्लीत तेव्हा घरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या होत्या! त्यात समोरच्या क्लासनं पडद्यावर हलती चित्रं दाखवून शिकवायला सुरुवात केली आणि सरांची पोरं एकेक करून रस्ता ओलांडू लागली. सरांची झोप उडाली. उद्या रविवारी पालकांचा मेळावा. तिथं सरही पडद्यावर शिकवणार होते. पालकांना पटलं तर क्लास टिकणार, नाहीतर पाटी उतरवायची. पण ती चित्रं काही केल्या सरांच्या लॅपटॉपमध्ये मावेनात!

म्हणून सर मोठी हार्ड डिस्क घ्यायला अमरेशच्या दुकानात गेले.

"सर, लॅपटॉपच घेऊन या की," अमरेश म्हणाला. "खोलून बघू. बसली तर न्या, न्हाई तर राहू द्या."

"अमरेश, मी पोरांना पहिला धडा कोणता शिकवतो? मोजमाप! व्हर्नियर लावून आलोय. लांबी हीच, रुंदी हीच. बांध!"

अमरेशनं बांधली. गिऱ्हाईक, आणि त्यातून मास्तर! कोण वाद घालणार?

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. किल्लारीच्या भूकंपानंतर चंद्रप्रभाबाईंनी एक रिवाज घातला होता. जिन्याजवळ, सरांच्या टेबलाला लागून एका स्टुलावर तांबे, पेले, वाट्या यांची छातीइतकी उंच उतरंड रचलेली असे. जमीन जरा हलली की ती कोसळणार आणि कोसळली की काही न विचारता सगळ्यांनी रस्त्यावर पळायचं! होस्टेलच्या पोरांना हे आल्या दिवशीच घोकून घ्यावं लागे. कुणी काय उचलायचं तेही ठरलेलं. बाईंनी कागदांची पिशवी आणि सरांनी अक्का, म्हणजे स्वतःची आई. त्या स्टुलाचा एक पाय तेवढा आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी असे आणि ती सारखी सरके.

दुपारी सरांनी लॅपटॉप पालथा घातला. झाकण काढलं, जुनी डिस्क काढली, नवी ठेवली. लांबीत बसली! रुंदीत बसली! सरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी झाकण लावलं. ते काही लागेना. दिवाळीच्या करंज्यांनी शिगोशीग भरलेल्या डब्याच्या झाकणासारखं ते वरच राहिलं.

"बसली का रे?" पलंगावर सुपारी कातरत अक्कांनी विचारलं.

"बसून राहिली, अक्का!"

"मग झाकण वर का?"

"नवीन आहे ना, जरा दाबावं लागतं!"

सरांनी तळव्यानं दाबलं. कोपरानं दाबलं. मग झाकणावर शब्दकोश ठेवून हात जोडले. शेवटी डोकं फिरलं आणि त्यांनी शब्दकोशावर दणकून मूठ मारली.

टेबल हादरलं, स्टूल डुगडुगलं, पुठ्ठा सरकला. आणि उतरंड! तांबे जिन्यावरून असे खणखणत गेले की विचारू नका!

"पळाऽऽ!" स्वयंपाकघरातून चंद्रप्रभाबाई ओरडल्या.

"अगं, ते मी..." सर म्हणाले. पण ऐकतो कोण? वरून पोरांचा लोंढा आला. कुणाच्या तोंडाला साबणाचा फेस, कुणाच्या हातात अर्धी भाकर! त्या लोंढ्यात लॅपटॉप छातीशी धरलेले सरही थेट रस्त्यावर पोचले. पायरीवर नवी डिस्क उघड्या लॅपटॉपमधून निसटली आणि टप्पे खात खाली गेली.

पोरं दिसताच अख्खी गल्ली बाहेर आली. समोरचा क्लास तेवढा आला नाही. तिथं पडदे ओढून, आवाज मोठा करून गुरुत्वाकर्षण चाललं होतं.

"अहो, अक्का कुठायत?" बाईंनी विचारलं.

सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

"मी हितं हाय," पलीकडच्या कट्ट्यावरून अक्का म्हणाल्या. अडकित्ताही बरोबर होता. "तुझी वाट बघत बसले असते तर झालंच होतं माझं!"

सर खरं सांगायला तोंड उघडेपर्यंत पोरांचे घरी फोन लागलेसुद्धा. रविवारी सकाळी हिमायतनगरपासून अहमदपूरपर्यंतचे पालक दारात! हॉल भरला, जिना भरला. पडदा कोरा आणि लॅपटॉप उघडा!

"भूकंप नव्हता," सर म्हणाले. "मी होतो."

मग त्यांनी खडू घेतला. फळ्यावर डिस्क काढली, लांबी लिहिली, रुंदी लिहिली आणि मूठ कशी मारली तेही करून दाखवलं.

"आन् जाडी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ती मोजायची राहिली!"

हॉल असा हसला की सरांनाही हसू आवरेना. तेवढ्यात अहमदपूरचे अडत व्यापारी माणिकप्पा उठले.

"सर, ते पडद्याचं राहू द्या. माझं पोरगं म्हणून राहिलं, भांडं खाली पडायच्या आत समदे रोडवर! समोरचे पोरं तसेच बसून होते. तुमच्यापाशी शिकवणं बी हाय आन् ध्यान बी हाय. पुढच्या साली धाकट्यालाबी हितंच ठेवतो!"

"आमचीबी!" हिमायतनगरकरांनी सूर लावला.

सरांचे डोळे भरून आले. पाटी राहिली! त्यांनी चष्मा पुसला आणि उगाचच स्वच्छ फळा परत पुसला.

संध्याकाळी डिस्क घेऊन अमरेशकडे जावं म्हणून ते उठले. टप्पे खाल्लेली डिस्क आता हलवली की खुळखुळत होती, तरी आशा सुटत नव्हती. पण डिस्क टेबलावर नव्हतीच! चंद्रप्रभाबाई पुन्हा उतरंड रचत होत्या. स्टूल अजिबात डुगडुगत नव्हतं. सरांनी वाकून आखूड पायाखाली पाहिलं.

"अगं, महागाची आहे ती! एवढी मोठी डिस्क तू स्टुलाखाली..."

"असू द्या हो," वरचा तांबा ठेवत बाई म्हणाल्या. "जाडी बरोबर निघाली."