धनेश मनोरा बघायला गेला त्याची गोष्ट

एका जंगलात, म्हणजे ज्याला जंगल म्हटलेलं तिथल्या प्राण्यांना हल्ली आवडत नाही अशा एका जंगलात, एक उंच मनोरा होता.

मुलांनो, पुढे सरकून बसा आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका. प्रश्न विचारणारं ह्या गोष्टीत एकच जण आहे आणि तिचं काय झालं ते तुम्हाला कळेलच.

तर ह्या जंगलाचे सिंहमहाराज एकदा दूरच्या राज्यात अभ्यासदौऱ्यावर गेले होते. अभ्यासदौरा म्हणजे सरकारी खर्चाने केलेली सहल. तिथे त्यांनी एक मनोरा पाहिला. परत आल्यावर त्यांनी दरबारात विचारलं, "आपल्याकडे असा का नाही?"

उत्तर सोपं होतं. आपल्याकडे जंगल होतं. पण सोपं उत्तर देणारा त्या दरबारात फार दिवस टिकत नसे, म्हणून कोणी ते दिलं नाही. मनोरा बांधला गेला. त्याचं नाव ठेवलं 'सिंहावलोकन'. वर गच्ची केली, गच्चीवर दुर्बीण बसवली आणि खाली तिकीटखिडकी उघडली. वरून सगळं जंगल दिसतं अशी जाहिरात झाली. जंगल पूर्वी खालूनही दिसत होतं, पण त्याला तिकीट नव्हतं, त्यामुळे कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

ह्याच जंगलात दिगंबर नावाचा धनेश राहत होता. मोठी पिवळी चोच, चोचीवर टोप, आणि उडताना पंखांचा असा आवाज की खालची हरणं मान वर करून बघायची. त्याच्या बायकोचं नाव शकुंतला.

आता धनेशांची रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. अंडं घालायची वेळ आली की मादी एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट फक्त ठेवते. आत बसल्यावर तिची पिसं गळतात, मग तिला उडता येत नाही. पिल्लू जरा मोठं होईपर्यंत नवरा घशात भरून आणील ती फळं खायची आणि पिल्लाला भरवायची. नवरा आला तर जेवण, नाही आला तर उपास. एवढा भरवसा टाकायला मोठं मन लागतं, किंवा मग दुसरा इलाज नसावा लागतो.

शकुंतला तळ्याजवळच्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत बसली होती. पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलं होतं. दिगंबर वाईट नवरा नव्हता. दिवसभर उंबरं आणायचा, फटीतून एकेक करून तिच्या चोचीत द्यायचा, पुन्हा उडायचा.

पण उंबराच्या झाडाखाली दुपारी सगळे जमत, आणि तिथे हल्ली एकच प्रश्न असे. "मनोरा बघून आलास का?"

ज्यांनी पाहिला होता ते सावलीच्या बाजूला बसत. ज्यांनी नाही, ते उन्हात. असा काही नियम नव्हता, पण तसं झालं होतं खरं. दिगंबर उन्हात बसे, एका बेडकाशेजारी. जंगलातल्या सगळ्यात उंच उडणाऱ्या पक्ष्याला हे फार लागलं.

"पण जाण्यासारखा आहे का?" त्याने एकदा सावलीवाल्यांना विचारलं.

"दृश्य म्हणजे काय सांगू!" चिचुंद्री म्हणाली. "शब्दच नाहीत!"

चिचुंद्रीला नाकापुढचं दिसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिने मनोऱ्याला पाचपैकी पाच तारे दिले होते, आणि ताऱ्यांपुढे बोलणार कोण?

घुबड भर दुपारी जाऊन आलं होतं. त्याने दोनच तारे दिले होते. "छान आहे, पण उजेड फार आहे," ते म्हणालं. "व्यवस्थापनाने त्याचं काहीतरी करायला हवं."

"तू आपला पहाटे जा," घोरपड म्हणाली. "गर्दी नसते."

"तुम्ही पहाटे गेला होता का?"

"छे! मी गर्दीत गेले. म्हणून तर सांगते."

"मग आता परत जाल पहाटे?"

"परत कशाला? पाहिला ना एकदा!" घोरपड जरा चिडूनच म्हणाली.

ह्यातून जावं की न जावं हे काही दिगंबराला कळलं नाही. पण दुसरी एक गोष्ट त्याने बरोबर हेरली. नुसतं 'छान आहे' म्हणणाऱ्या सशाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. घुबडाला मात्र सगळे सरकून जागा देत होते. 'छान आहे' म्हणणारा गावंढळ ठरत होता आणि 'छान आहे, पण' म्हणणारा जाणकार. त्या 'पण'साठी दिगंबर झुरायला लागला.

संध्याकाळी बायकोला भरवताना त्याने विषय काढला. "मनोरा बघून यावं म्हणतो."

फटीतून चोच बाहेर आली. "कशाला?"

"वरून जंगल दिसतं."

"अहो, तुम्ही पक्षी आहात."

"म्हणून काय झालं?"

"रोज वरूनच तर येता-जाता."

"येणं-जाणं वेगळं आणि बघणं वेगळं. उडताना सगळं लक्ष फळांकडे. दृश्य म्हणून कुठे बघतो आपण?"

"दृश्य म्हणून बघितलं की काय होतं?"

दिगंबराला उत्तर सुचलं नाही, म्हणून तो रागावला. बरेच नवरे असंच करतात मुलांनो, घरी लक्ष ठेवून बघा.

"चार जणांत बसायचं तर चार जणांसारखं वागावं लागतं," तो म्हणाला. "तुला ढोलीत बसून काय कळणार?"

शकुंतला ढोलीत हौसेने बसली नव्हती. पण ती वाद घालत बसली नाही. "जा हवं तर," ती म्हणाली. "फक्त लवकर या. हे सारखं चोच उघडतं आणि माझ्याजवळ काही नसलं की माझा जीव तुटतो हो."

शेजारच्या झाडावर शेकरूकाकू राहायच्या. त्यांना दुसऱ्यांच्या घरातलं सगळं ऐकू येत असे. "जाऊ दे गं त्यांना!" त्या तिथूनच ओरडल्या. "आपल्या आळीत एकाने तरी पाहिलेला असावा. पाहुण्यांना सांगायला होतं!"

दुसऱ्या दिवशी दिगंबर घसा भरून उंबरं घेऊन घरी निघाला होता. वाटेत मनोरा लागला. रांग त्या मानाने कमी होती. आत्ता गेलो तर पटकन होईल, असा विचार करून तो उतरला. वाटेत पटकन काही उरकून घेऊ म्हणणाऱ्यांचं आजवर काय काय झालं आहे त्याची वेगळी गोष्ट होईल.

गच्चीवर थेट उडून जायची सोय नव्हती. खाली पाटीच होती, 'पंखवाल्यांनी रांगेतूनच यावे. परस्पर वर बसणाऱ्यास शिक्षा होईल.' खिडकीत कोल्हा होता. तिकीट फळांत घेत होता. दिगंबराने घशातली उंबरं मोजून दिली. ती शकुंतलेची होती हे त्याला आठवलं, पण परत जाताना पुन्हा भरून नेऊ, असं त्याने ठरवलं. मग दऱ्या ओलांडणारा तो पक्षी, पुढे एक कासव आणि मागे एक डुक्कर अशा रांगेत, पायरी पायरी उड्या मारत वर निघाला.

कासवाच्या मागून जिना चढायला किती वेळ लागतो ते तुम्हीच समजा.

वर पोचल्यावर त्याने जंगल पाहिलं. रोज दिसायचं त्याहून जरा कमीच दिसलं, कारण रोज तो ह्याहून उंच उडत असे. पण बायकोच्या तोंडची फळं देऊन आलेला पक्षी असं कबूल करणार कसं? "वा!" तो मोठ्याने म्हणाला. "हे काही औरच!"

दुर्बिणीपाशी झुंबड होती. जो तो आपलं घर शोधत होता. घर बघायला घर सोडून इतक्या लांब यायचं, हीच त्या मनोऱ्याची मुख्य गंमत होती. दिगंबराचा नंबर आला. राहिलेलं शेवटचं उंबर त्याने दुर्बिणीवाल्याला दिलं आणि डोळा लावला. तळ्याच्या उजव्या हाताला एक डेरेदार, हिरवंगार, गोल झाड होतं.

"ते आमचं," तो शेजारच्या डुकराला म्हणाला.

"छान आहे हो तुमचं!" डुक्कर म्हणालं.

दिगंबराची मान ताठ झाली. त्या झाडावर मुंगळ्यांशिवाय कोणी राहत नव्हतं. पण माणूस काय, पक्षी काय, लांबून बघताना चांगलं दिसेल तेच आपलं म्हणतो.

इतक्यात मनोऱ्याचे व्यवस्थापक आले. ते एक वयस्कर वानर होते. गळ्यात शिंग अडकवलेलं. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

हाच तो क्षण! गच्चीवरचे सगळे ऐकत होते.

"छान आहे," दिगंबर म्हणाला. जरा थांबला. "पण..."

सगळ्यांनी माना वळवल्या.

आता 'पण'च्या पुढे काहीतरी म्हणायला हवं होतं. दिगंबराने घाईघाईने समोर पाहिलं. तळ्याच्या ऐन पुढे एक झाड होतं. शेंडा वाळलेला, एका अंगाला कललेलं, खोडावर मातीचं कसलंतरी लिंपण.

"तेवढं एक झाड मध्ये येतं," तो म्हणाला. "अगदी बेढब आहे. ते नसतं तर तळं पूर्ण दिसलं असतं."

तुम्ही ओळखलंत ना मुलांनो? तुम्ही ओळखलंत, कारण तुम्ही खाली बसला आहात.

"खरंच की!" डुक्कर म्हणालं. "इतका वेळ मला काहीतरी खटकतच होतं."

वानर खूश झाले. मनोऱ्याकडे तशा बऱ्याच सूचना येत. पायऱ्यांवर पाणी ठेवा, म्हाताऱ्यांना टेकायला जागा करा, रांगेवर छप्पर घाला. त्या सगळ्या पडून होत्या, कारण त्यांत कोणाला काही करावं लागलं असतं. पण झाड पाडायच्या सूचनेवर हे व्यवस्थापन कधीही झोपत नसे. "आपल्यासारखे जाणकार क्वचित येतात," वानर म्हणाले आणि त्यांनी शिंग फुंकलं. खाली सरकारी हत्ती बसूनच असत. ते तळ्याच्या दिशेने निघाले.

दिगंबर कठड्याला टेकून बघत राहिला. त्याच्या एका शब्दावर सरकार हललं होतं. हत्तींनी झाडाला डोकी लावली. झाड जुनं होतं, फार वेळ टिकलं नाही. ते पडलं तेव्हा लांबवर काहीतरी किंचाळल्यासारखं ऐकू आलं, पण गच्चीवर टाळ्या इतक्या जोरात चालल्या होत्या की त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तळं पूर्ण दिसायला लागलं. दिगंबरानेही पंख फडफडवले.

मग तो उंबराखाली गेला. घरीच जायचं होतं, पण सावलीच्या बाजूला एकदा बसून दाखवायचं राहिलं होतं. त्याची कीर्ती त्याच्या आधी तिथे पोचली होती. घुबडाने स्वतः सरकून जागा दिली. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, आणि चिचुंद्रीच्या आग्रहावरून पुन्हा एकदा सांगितलं. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्याला बायकोची आठवण झाली. त्याने घसा गच्च भरून घेतला आणि उडाला.

पंखांना वाट पाठ होती. ते त्याला नेहमीच्या जागी घेऊन आले, आणि तिथे झाड नव्हतं.

बेहडा आडवा पडला होता. ढोली फुटली होती. शकुंतला फांद्यांच्या पसाऱ्यात जमिनीवर बसली होती. तिचे पंख उघडे पडले होते, त्यांवर पिसं नव्हती. एका पंखाखाली तिने पिल्लू घेतलं होतं. ते चोच उघडत नव्हतं. आता ते कधीच उघडणार नव्हतं.

"हत्ती आले हो," शेकरूकाकू रडत म्हणाल्या. "मी किती ओरडले. ते म्हणाले, वरून हुकूम आहे. कोण्या जाणकाराने सांगितलंय म्हणे."

दिगंबराने वर पाहिलं. मध्ये आता काहीच येत नव्हतं. समोर मनोरा लख्ख दिसत होता, गच्चीवरची गर्दी दिसत होती, आणि तिथून कोणीतरी ह्याच बाजूला दुर्बीण रोखून उभं होतं. तेव्हा त्याला कळलं. आपण काय केलं ते त्याला पूर्ण कळलं आणि जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं त्याला झालं. घसा उंबरांनी भरलेला होता. त्यातलं एकही त्याला काढून देता येईना.

शकुंतलेने मान वर केली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"अहो, मनोऱ्यावरून आपलं झाड दिसलं का?"

"दिसलं," दिगंबर म्हणाला.

"कसं दिसत होतं?"

त्याने आडव्या पडलेल्या खोडाकडे पाहिलं.

"डेरेदार," तो म्हणाला. "हिरवंगार."

तात्पर्य: सरकार आपलं ऐकत नाही, असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मनोरा अवश्य बघा आणि उतरण्यापूर्वी आपलं मत मोकळेपणाने द्या. तुम्ही घरी पोचायच्या आत त्याची दखल घेतलेली असते.