कोकिळा म्हैस आणि चौतीस टक्के

शनिवारी सकाळी सुदर्शननं कॉम्प्युटर चालू केला, तेव्हा पडद्यावर नेहमीसारखी कोकिळा आली नाही. इंग्रजीतल्या दोन पांढऱ्या ओळी आल्या, कॉम्प्युटर एकदा कण्हला, बंद पडला, आपोआप चालू झाला आणि त्याच दोन ओळी दाखवून पुन्हा कण्हला.

"तनू," सुदर्शन स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "घाबरू नको."

हे ऐकल्याबरोबर तनुजा घाबरली आणि हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

कोकिळा म्हणजे म्हैस. चितेगावला सुदर्शनच्या चुलत्यांच्या गोठ्यात असते. रंग पाहून कुणीतरी नाव ठेवलेलं. गेल्या दिवाळीत ती रवंथ करत असताना तनुजानं तिचा चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, आणि तेव्हापासून त्यांची अडीच वर्षांची लेक सावनी त्या व्हिडिओशिवाय घास गिळत नव्हती. कोकिळेचा जबडा हलला की सावनीचा हलायचा. कोकिळा थांबून कान झटकू लागली की सावनीही गालात घास धरून थांबायची. ज्या फोनमध्ये तो व्हिडिओ होता तो संक्रांतीला पाण्याच्या ड्रममध्ये पडून कायमचा गेला. त्याआधी सुदर्शननं व्हिडिओ कॉम्प्युटरवर टाकून ठेवला होता म्हणून बरं. तेव्हा सगळ्या जगात कोकिळेची एकच प्रत होती आणि ती या पेटीत होती.

आणि परवा, सोमवारी, तनुजा कामावर परत जाणार होती. चिकलठाण्याच्या कंपनीत, दोन वर्षं आठ महिन्यांनी. सगळं ठरलं होतं. दुपारी साडेबाराला सासूबाई भात कालवणार, सासरे कॉम्प्युटर लावणार, कोकिळा चघळणार, सावनी जेवणार. लेक उपाशी आहे असा फोन आला, तर आपण पहिल्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येऊ आणि मग पुन्हा कधीच जाणार नाही, हे तनुजाला पक्कं माहीत होतं.

"काल संध्याकाळी अपडेट लावून ठेवलं होतं मी," सुदर्शन डोकं खाजवत म्हणाला. "व्हायला पाहिजे होतं की रातच्यात."

कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या नानासाहेबांनी पेपर जरासा वर धरला. सावनीचे हे आजोबा, तिचे आबा, निवृत्त ग्रामसेवक. बुधवारीच त्यांना नवी कवळी बसवली होती, त्यामुळे ते कमी बोलत होते. त्यांच्या न बोलण्यात आणखी काही असेल, असं कुणाला वाटलं नाही.

"म्हैस लाव," सावनी म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

पहिला उपाय सासूबाईंनी, म्हणजे सरूबाईंनी सुचवला. "खरी म्हैस हाय की जित्ती. फोन लाव पुंजारामला."

चितेगावला गोठ्याचं सगळं बघणाऱ्या पुंजारामनं व्हिडिओ कॉल घेतला. आधी बराच वेळ त्याचा कान दिसला.

"पुंजारामभाऊ, फोन म्हशीकडं धरा!"

"धरलाय की!"

"हे तिचं शेपूट हाय. तोंडाकडून धरा!"

पुंजाराम तोंडाकडून गेला. कोकिळेनं आयुष्यात पहिल्यांदा सरूबाईंना पुंजारामच्या तळहातावर बोलताना पाहिलं. तिनं डोळे विस्फारले, रवंथ थांबवला आणि फोन हुंगला. पडद्यावर एक ओली नाकपुडी आली. सावनीनं किंकाळी फोडली. पलीकडे काहीतरी धपकन पडलं. मग बराच वेळ नुसतं आभाळ दिसत राहिलं आणि "हो हो हो, थांब माझे आई" असा पुंजारामचा आवाज लांब लांब जात राहिला.

दुसरा उपाय गोकुळराव. नानासाहेबांची लेक सुरेखा शहरातच टी. व्ही. सेंटर भागात दिली होती, तिचे हे यजमान. दुकानांना कॅमेरे बसवायचे आणि "मशीन कोणतीबी असो, उघडली की समजते" म्हणायचे. पण गोकुळराव जावई. जावई आले की आधी पाणी, मग चहा, मग पोहे, मग तब्येतीची चौकशी, आणि मग काम. तनुजा पोह्यांवर कोथिंबीर घालत होती आणि मनातल्या मनात जावयाच्या हातात पाना देत होती.

"मामी, शेव हाय का?" गोकुळराव सासूबाईंना म्हणाले.

शेवही आली.

अखेर त्यांनी हात पुसले, कॉम्प्युटरचा डबा पुढे ओढला आणि सीडी घालायचा खण उघडायचं बटन दाबलं. खण कुरकुरत बाहेर आला. त्यात सीडी नव्हती. वाळलेल्या पोळीचे तुकडे होते, भात होता, एक अख्खी भेंडी होती.

सगळे खाली वाकून बघू लागले.

"कोकिळाचा खाऊ," सावनीनं खुलासा केला.

तनुजा मटकन खाली बसली. लेक रोज दीड पोळी खाते, असं ती गेले तीन महिने आपल्या आईला अभिमानानं सांगत होती. त्यातली पाऊण पोळी या खणात जात होती तर!

"ह्यामुळं बिघडला का हो?" सुदर्शननं विचारलं.

"नाय, ह्यानं काय होत नाय. म्हशीचं पोट भरलं तेवढं." गोकुळरावांनी फुंकर मारून तुकडे उडवले, वायरी हलवल्या आणि त्या दोन इंग्रजी ओळी नीट वाचल्या. "अपडेट अर्ध्यात असताना कुणीतरी बोर्डावरचं बटन बंद केलंय, मेव्हणे. कुणी केलं?"

पेपर आता इतका वर गेला होता की नानासाहेबांचं फक्त टक्कल दिसत होतं.

"अवो," सरूबाई म्हणाल्या, "काल मारुतीला जाताना?"

"घराबाहेर पडताना बटनं बंद करावीत," पेपरामागून आवाज आला. "शिस्त असती."

"शिस्त! मागं चंपाषष्ठीला पाहुणे न्हाणीत होते, तर लाईट बंद करून गेले. अंधारात भीतीनं देवाचं नाव घ्यायलते बिचारे!"

"आता परत लावतो," गोकुळराव मध्ये पडले. "दोन तास लागतेल. टेन्शन नका घेऊ, मामा. फक्त बटनाला हात नका लावू. होऊन जातंय."

अपडेट सुरू झालं. पाच टक्के, अकरा टक्के. तनुजाच्या जिवात जीव आला. चौतीस टक्के झाले तेव्हा गोकुळराव निघाले. जावयाला फाटकापर्यंत पोचवायला नानासाहेब उठले, चपला घातल्या, आणि दाराबाहेर पाऊल टाकता टाकता त्यांचा उजवा हात तीस वर्षांच्या सवयीनं बोर्डाकडे गेला.

टक.

नानासाहेबांनी आपल्याच हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

गोकुळराव जिन्यावरून परत आले. पुन्हा चहा झाला, अपडेट पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

या वेळी सरूबाईंनी कारभार हाती घेतला. बोर्डाखाली खुर्ची ठेवली, तिच्यावर नवऱ्याला बसवलं. "चोराला राखण ठेवते मी आता. दोन तास उठायचं नाय. जेवणबी हितंच."

"मी अडतीस वर्षं नोकरी केली," नानासाहेब म्हणाले.

"बटनं बंद करायचीच केली का?"

साडेबाराला तनुजानं भात कालवला. सावनीनं काळ्या पडद्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. "चिऊचा घास" झाला, "बाबाचा घास" झाला, सुदर्शननं म्हशीसारखं हंबरून दाखवलं. त्यानं शेजारच्या काकू तेवढ्या दारात आल्या. सावनीनं तोंड उघडलं नाही. तनुजाच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. सोमवारचा इस्त्री केलेला ड्रेस समोर खुंटीवर लोंबत होता आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता.

तिकडे खुर्चीवर नानासाहेबांना भाकरी आणि मेथीची भाजी मिळाली होती. नवी कवळी सरळ चावू देत नव्हती. घास एका बाजूला घ्यायचा, खालचा जबडा डावीकडून उजवीकडे सरकवायचा, परत आणायचा. डोळे अर्धे मिटलेले. तोंडातून मेथीची एक काडी बाहेर आलेली.

सावनी वळली. तिनं बघितलं. अगदी बारकाईनं बघितलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "आबा कोकिळा!"

आणि तिचं तोंड उघडलं. तनुजानं घास दिला. आजोबांचा जबडा डावीकडून उजवीकडे गेला, तसा नातीचा गेला. दुसरा घास. तिसरा. तेवढ्यात नानासाहेब थांबले.

"अवो, थांबू नका!" सरूबाई ओरडल्या.

"घास संपला माझा."

"मग रिकामं चावा!"

निवृत्त ग्रामसेवक रिकामं चावू लागले. वाटी चाटून पुसून संपली. सीडीच्या खणावर तनुजाची सारखी नजर होती. तिकडे एक शीतही गेलं नाही.

पावणेतीनला शंभर टक्के झाले. पडद्यावर उजेड पडला आणि कोकिळा आली, काळीभोर, शांत, चघळत. सुदर्शननं टाळ्या वाजवल्या. सावनीनं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"ही नाई. आबा."

सोमवारी दुपारी एक वाजता चिकलठाण्याच्या कंपनीत तनुजानं न उघडलेला डबा पुढ्यात ठेवून घरी फोन लावला. "आई, जेवली का हो?"

"जेवली बाई. पण लई नाटक झालं. अगं, काल ह्यांची कवळी बसली ना नीट! सरळच चावायले. पोरगी म्हणली, आबा चुकले."

"मग?"

"मग काय, कॉम्प्युटर लावला. म्हशीकडं बघून बघून हे चावायले, अन् ह्यांच्याकडं बघून ती. आता ती झोपली. पण हे उठंनात. संध्याकाळच्या जेवणाची तयारी करायलोय म्हणतेत." सरूबाईंच्या चपलांचा आवाज आला. "थांब, मी जरा दुकानातून गूळ आणते. हे बटन बंद करते अन्..."

"अगं ए!" मागून नानासाहेब ओरडले. "बटनाला हात लावू नको! आत्ता कुठं डावीकडून उजवीकडं जमायलंय!"

तनुजानं हसत फोन ठेवला आणि डबा उघडला. भूक सणकून लागली होती. तीन-चार घास झाल्यावर समोरची बाई आपल्याकडे टक लावून बघतेय, असं तिला जाणवलं. मग तिच्या लक्षात आलं, आपलाही जबडा डावीकडून उजवीकडे चाललाय.