मंचाकडे पाठ

आमच्या कामरगावात जयंतीला कविता स्पर्धा होई. तिचे परीक्षक दौलतगुरुजी कवीकडे पाठ करून बसत. खुर्ची मुद्दाम फिरवून घेत, तोंड श्रोत्यांकडे! मागे कवी घसा फोडतोय आणि गुरुजी गर्दीकडे टक लावून गुण मांडताहेत. मी मंडळाचा सचिव, म्हणजे शिव्या खायचा मानकरी.

"गुरुजी, एकदा तरी मागं पाहा ना!"

"कायले? कवी त सोतावर आधीच खूश हाय. कविता आयकनाऱ्याच्या तोंडावर दिसते, भौ."

टाळ्यांना ते भुलत नसत. रिठदचा एक कवी टाळ्या वाजवायला जीपभर माणसं घेऊन आला. त्याला शंभरात सात मिळाले. तो भांडायला आला तर म्हणाले, "तेबी जीपच्या डायवरचे. तो एकटा मन लावून आयकत होता."

आणि निकाल, सांगतो तुम्हाला, कधी चुकला नाही. पहिला नंबर आलेली कविता वर्षभर लोकांच्या तोंडी असायची.

दुष्काळ सरला त्या वर्षी गुरुजींची बायको गिरजाबाई गेली. लोकांच्या शेतात तण निंदायला जाणारी, अक्षरओळख नसलेली बाई. पुढच्या जयंतीला गुरुजी आले, नेहमीसारखे पाठ करून बसले. किन्हीराजाच्या एका मजुराने आईवरच्या कवितेने अख्खा मंडप रडवला. कप त्याचाच, असं सगळेच धरून चालले होते. गुरुजींनी गुणांचा कागद दिला, तर सगळ्यांना शून्य!

"बयाडला म्हातारा, येडा झाला!" मंडप खवळला. मजूर बिचारा खाली मान घालून उभा. माझंही डोकं फिरलं.

"गुरुजी, एवढे लोक रडले, तुमाले दिसलं नाही?"

"मी कधी लोकं पाह्यलेच नाही, बापा; डायवरचं त उगीच म्हनलं होतं." त्यांनी बायांच्या पहिल्या रांगेकडे बोट केलं. "गिरजा तिथं बसे. तिचे डोळे भरले का पयला नंबर. तिनं पदर सारखा केला, का कवी गेला. मले कवितेतलं काई समजत नाही. आता कोनाले देऊ?"

मला भडभडून आलं. शेवटी मीच मजुराचं नाव पुकारलं, कप दिला. परत आलो तर मंडप रिकामा होत होता आणि गुरुजी तसेच बसलेले.

"त्याची कविता गिरजाले आवडली असती का रे?"

काय सांगू, कपाळ माझं! इतकी वर्षं ती बाई समोर बसत होती आणि मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.